मुलांचा डोंगरातला पहिला मुक्काम : खान्देशात सुरुवात कशी करावी?

पांझराकाठ (धुळे)

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे आम्ही दोघे लळिंगचा किल्ला चढतो, वर डबा खातो आणि ऊन तापण्याच्या आत खाली येतो. ही चढण त्याच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. आता त्याला डोंगरात रात्र काढायची आहे आणि तो त्या एकाच गोष्टीचा ध्यास घेऊन बसला आहे. यजमानांची हरकत नाही. सासूबाईंचा मात्र ठाम विरोध आहे. रात्री रान जागे असते, लेकराला तिथे नेऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला अगदीच निराधार वाटत नाही.

या विषयावर वाचायला मिळते ते बहुतेक सह्याद्रीतल्या घाटमाथ्याबद्दल असते. आपला मुलूख कोरडा आहे, उन्हाळ्यात तो भाजून काढतो, किल्ल्यांवर पाण्याचा भरवसा नसतो आणि जंगल बहुतेक ठिकाणी अभयारण्यात येते. म्हणून धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती. सुरुवात कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या ऋतूत करावी, मुलाच्या पाठीवर किती ओझे द्यावे आणि मध्यरात्री तो घाबरला किंवा आजारी पडला तर काय करावे, हे मला प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, तुमच्या मुलाला चालणे येते. त्याला येत नाही ती रात्र. या दोन गोष्टी मुलाने वेगवेगळ्या शिकाव्यात आणि दोन्ही अंगी मुरल्या की मगच त्या एकत्र कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरातली आणि मित्रमंडळींची मुले याच क्रमाने तयार झाली. दिवसभर चालून थकलेले मूल अंधार पडल्यावर अनोळखी जागी पोहोचते, तंबू लागेपर्यंत भुकेने रडवेले होते आणि मग रात्रभर थंडीने कुडकुडते. असे मूल पुन्हा डोंगराचे नाव काढत नाही. त्यात डोंगराचा दोष नसतो. दोन नवे विषय एकाच दिवशी त्याच्यापुढे टाकलेले असतात, इतकेच.

रात्र शिकण्यासाठी आपल्याकडे शेतासारखी दुसरी जागा नाही. नातेवाइकांचे शेत असेल, तिथे पक्की खोली असेल आणि मोटारसायकल बांधापर्यंत येत असेल, तर पहिला मुक्काम तिथेच करावा. त्या दिवशी चालण्याचा विषय काढू नये. दुपारी तीनच्या सुमारास पोहोचावे आणि तंबू मुलाच्या हातून उभा करून घ्यावा. काळ्या मातीत भेगा पडलेल्या असतील तर खुंटी हाताने आत जाते आणि हातानेच बाहेर येते; मुरमाड जमिनीत ती दगडाने ठोकली तरी वाकते. हे मुलाने स्वतः करून पाहावे. खुंटी बाहेरच्या बाजूला तिरकी का ठोकायची, हे त्याला दोर ताणताना आपोआप कळते. शिकवायला वेळ लागतो, मोठ्यांचे हात शिवशिवतात, पण तंबू आपण उभारून देऊ नये. स्वतः उभारलेल्या घरात मूल निर्धास्त झोपते.

हिवाळ्यातल्या रात्रीची लांबी मोठी माणसे विसरतात. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो, म्हणजे सुमारे तेरा तास काळोखाचे. आठ वर्षांचे मूल त्यातले नऊ-दहा तास झोपेल. उरलेल्या तीन तासांचे काय करायचे, हे आधी ठरवलेले नसेल तर तेवढ्यात भीती शिरते. शेतावर हा प्रश्न सोपा असतो. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजायची, साल काढायची, बडगीत (लाकडी उखळीत) मिरच्या-लसूण ठेचायचा, कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खायचे, यात दीड तास सहज जातो आणि ते प्रत्येक काम मुलाला हातभार लावण्याजोगे असते. जेवणानंतर टॉर्च बंद करून अर्धा तास नुसते बसावे. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात. हळूहळू बांधावरचे बाभळीचे झाड, मग विहिरीवरचा मोटारीचा खांब आणि शेवटी पायवाट दिसू लागते. अंधारातही आपल्याला दिसते, हा शोध मुलासाठी फार मोठा असतो आणि तो टॉर्च चालू ठेवून लागत नाही.

ऋतूबद्दल माझे मत ठाम आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच मुलांना मुक्कामासाठी न्यावे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, दगड रात्री उशिरापर्यंत तापलेले असतात आणि किल्ल्यांवरची टाकी आटलेली किंवा शेवाळलेली असतात. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक पाणी येते आणि साप-विंचू बिळांतून बाहेर पडलेले असतात. हिवाळ्यातही शुद्ध एकादशी ते चतुर्दशी या दरम्यानची रात्र निवडावी, कारण तेव्हा सूर्य मावळतो त्या वेळी चंद्र आधीच आकाशात असतो. पौर्णिमेनंतर तो रोज उशिरा उगवतो आणि नेमका संध्याकाळचा अवघड काळ काळोखात जातो.

चालणे तुमच्याकडे लळिंगवर सुरूच आहे. त्यात पुढची पायरी म्हणून लागोपाठ दोन दिवस चालून पाहा. पहिल्या दिवशी उड्या मारत गेलेले मूल दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून बसते, आणि मुक्कामाच्या वाटचालीत परतीचा दिवस हा दुसराच दिवस असतो. वेळेचा हिशेब मांडताना स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 सालचा नियम उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास, असा तो नियम धडधाकट प्रौढांसाठी आहे. मुलासाठी येणारा आकडा मी दुप्पट करतो आणि तेवढ्या वेळात चालणे सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपेल असे बघतो.

ओझ्यासाठी केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणातला नियम जसाच्या तसा घ्यावा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन पाठीवर नको. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो होतात. त्यात त्याचे एक लिटर पाणी, स्वेटर, कानटोपी, स्वतःची टॉर्च, शिट्टी आणि दशम्यांची पुडी एवढे बसते आणि एवढे पुरेही होते. बाकी सगळे तुमच्या आणि यजमानांच्या पाठीवर. शिट्टी कशासाठी आहे ते घरीच ठरवून घ्यावे. तीन वेळा वाजवली तर मदत हवी, एरवी वाजवायची नाही. आणि वाट चुकली असे वाटले तर आपल्याला शोधत फिरायचे नाही, जिथे असेल तिथेच झाडाला धरून बसायचे, हेही तितक्याच वेळा सांगावे.

रात्र आणि चाल दोन्ही जमल्या की एकत्र मुक्काम करताना माझी पसंती पायथ्याच्या गावात राहून पहाटे चढण्याला आहे. साक्री तालुक्यातला भामेर त्यासाठी उत्तम. गाव किल्ल्याला लागूनच आहे, वर कोरीव लेणी आणि पाण्याची टाकी आहेत आणि मदत हाकेच्या अंतरावर आहे. गावकऱ्यांना विचारून मंदिराजवळ किंवा शाळेच्या आवारात मुक्काम करता येतो. आमच्या पाटणादेवीचा परिसर मुलांसाठी फार सुंदर आहे, कण्हेरगड आणि पितळखोऱ्याची वाट दिवसा जरूर करावी. परंतु तो सारा भाग गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. तिथे राहायचे असेल तर वनविभागाच्या परवानगीने आणि त्यांनी दाखवलेल्या जागीच राहावे.

बोरीकाठ (पारोळा)

गिरणाकाठ दादांनी तपशीलवार लिहिले आहे, तरी मला आठ हे वय लवकर वाटते. स्काउट-गाइडमध्येसुद्धा कब आणि बुलबुल या लहान मुलांच्या गटांतून मूल दहाव्या वर्षी पुढच्या वर्गात जाते आणि शिबिरांतला खरा मुक्काम त्यानंतर येतो. मी स्वतः माझ्या मुलीला बारा वर्षांची झाल्यावर नेले. ती स्वतःचा पसारा स्वतः आवरू शकत होती, वाटेत तक्रार केली नाही आणि तिला तो मुक्काम आजही बारीकसारीक तपशिलांसह आठवतो. घाई कशासाठी करायची, हे मला समजत नाही. आपल्या हौसेपायी मुलाला ओढत नेण्याचे प्रकार मी पाहिले आहेत.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

बोरीकाठ भाऊ, ओढत नेण्याबद्दलचा तुमचा इशारा योग्य आहे आणि इथे तो सांगितला गेला हे चांगले झाले. मात्र वयाचा आकडा हे माप मला पुरेसे वाटत नाही. मी दोन गोष्टी पाहतो. एक म्हणजे मूल आईवडिलांखेरीज दुसऱ्या मोठ्या माणसाला भूक लागली, थंडी वाजते, शी-शू लागली हे न लाजता सांगते का. दुसरी म्हणजे "थांब" म्हटल्यावर ते पहिल्याच हाकेला, पाय उचललेला असला तरी, जागच्या जागी थांबते का. या दोन्ही गोष्टी येत असतील तर सात वर्षांचे मूलही शेतावरच्या मुक्कामाला तयार असते आणि येत नसतील तर बाराव्या वर्षीही थांबावे. ताईंच्या मुलाला ध्यास लागला आहे, म्हणजे ओढून नेण्याचा प्रश्न इथे नाही.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी मुलाशी बोलून ठेवावी. रात्री कोणत्याही क्षणी "मला घरी जायचे आहे" असे म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे आणि तसे म्हटल्यास आपण खरोखर निघणार आहोत, हे त्याला सांगावे. म्हणूनच पहिल्या मुक्कामाला गाडी जवळ हवी. आमच्या गटातल्या एका मुलीने पहिल्या रात्री दहा वाजता घरी जायचे म्हटले, तिचे वडील एक शब्दही न बोलता तिला घेऊन निघाले. पुढच्या वेळी ती सकाळपर्यंत राहिली आणि त्यानंतर तिला परत नेण्याची वेळ आली नाही. परतल्यावर मात्र नातेवाइकांसमोर त्या गोष्टीची चर्चा अजिबात होता कामा नये.

गोमाई (शहादा)

मी सातपुड्याच्या पायथ्याशी शिक्षक आहे. ज्या गोष्टीसाठी शहरातल्या पालकांना एवढी तयारी करावी लागते ती आमच्या वर्गातल्या पावरा आणि भिल्ल मुलांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. पीक तयार झाले की राखणीला आजोबांबरोबर शेतातल्या माळ्यावर झोपायला जाणारी ही मुले आहेत. त्यांना रानाची भीती वाटत नाही असे नाही. कोणत्या गोष्टीची भीती बाळगायची आणि कोणत्या गोष्टीची नाही, हे त्यांना नेमके ठाऊक असते. आवाज आला की तो कोणाचा, हे ती सांगू शकतात. ताईंनी मुलाच्या तयारीत सर्वांत आधी आवाजांची ओळख ठेवावी, असे मी सुचवेन.

संध्याकाळी सर्वांत आधी टिटवी ओरडते आणि कोणी तिच्या जवळ गेले की रात्रभरात पुन्हा ओरडते. पिंगळ्याची जोडी जुन्या झाडाच्या ढोलीजवळ कर्कश आवाजात भांडल्यासारखी कलकलते. रातवा जमिनीवर बसून एकाच लयीत चक-चक-चक करत राहतो. कोल्हेकुई एकाने सुरू केली की दूरवर दुसरी टोळी तिला उत्तर देते आणि ते ऐकून गावातली कुत्री भुंकू लागतात. हे आवाज पक्ष्यांच्या ध्वनिफितींवरून घरी ऐकवता येतात. आवाजाला नाव मिळाले की मूल उशीत तोंड खुपसत नाही, उलट कान टवकारते. भुताखेताच्या, चकव्याच्या आणि मुंजाच्या गोष्टी मात्र पहिल्या मुक्कामाला कटाक्षाने टाळाव्यात, आणि घरी जेवत नाही म्हणून मुलाला अंधाराचा धाक घालण्याची सवय असेल तर ती त्याआधी काही महिने बंद करावी.

मुलांना मी वनपिंगळ्याची हकिकत आवर्जून सांगतो. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी 1884 नंतर कोणालाच आढळला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर 1997 मध्ये, म्हणजे 113 वर्षांनी, अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. विशेष म्हणजे हा पिंगळा बराचसा दिवसा वावरतो. जगाने हरवला म्हणून सोडून दिलेला पक्षी आपल्याच जिल्ह्यात होता, हे ऐकल्यावर मुले झाडांकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिलेली मी पाहिली नाही.

जागेबद्दल सांगायचे तर, तोरणमाळ हा शेत आणि तंबू यांच्या मधला फार चांगला टप्पा आहे. उंची साधारण साडेअकराशे मीटर, राहायला पर्यटन महामंडळाची आणि वनविभागाची सोय आणि यशवंत तलावाच्या काठाने मुलाला झेपेल असे सपाट चालणे. सीताखाईच्या आणि खडकी पॉइंटच्या कड्यावर मात्र मुलाचा हात सोडू नये. रात्र छपराखाली असली तरी पहाटेची थंडी खरी असते, म्हणून तंबूपूर्वी कपड्यांची परीक्षा इथे होते. जळगावच्या बाजूच्या मंडळींना रावेर तालुक्यातले पाल याच उपयोगाचे आहे. तिथे यावल अभयारण्य आहे, वनविश्रामगृह आहे आणि सकाळी सुकी नदीच्या बाजूने फिरता येते.

अनेक जण उत्साहाने मुलांना दिवाळीतल्या अस्तंभ्याच्या यात्रेला नेण्याचे ठरवतात. अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो आदिवासी भाविक धनत्रयोदशीच्या सुमारास रात्रभर डोंगर चढतात. ती श्रद्धेची यात्रा आहे आणि वाट अरुंद, उभी आणि गर्दीची असते. पहिल्या मुक्कामासाठी तिचा विचार करू नये. मूल मोठे झाले, पायाला वाट ओळखीची झाली आणि एखाद्या स्थानिक कुटुंबाने आपण होऊन बरोबर चला म्हटले, तर तो भाग्याचा योग समजावा.

शेवटी एक विनंती. डोंगरात जाताना पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या माणसाला वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावे, त्याचे मानधन आधी ठरवावे आणि मुलाने त्यांना काका किंवा आजोबा म्हणून हाक मारावी. हाताखालच्या माणसाशी बोलावे तसे त्यांच्याशी बोलणे मी अनेकदा ऐकले आहे आणि मुले तेच उचलतात.

वाघूर (भुसावळ)

मी बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे आजारपणाच्या प्रश्नाचे उत्तर देते.

डोंगरात मुलांच्या बाबतीत मला थंडीची काळजी तापापेक्षा जास्त वाटते. मुलांच्या शरीराचा आकार लहान असल्याने वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते आणि उष्णता झपाट्याने निघून जाते. चढताना घामाने भिजलेला बनियन संध्याकाळी अंगावर तसाच राहिला की मूल सात वाजताच गारठते आणि त्यानंतर कितीही पांघरुणे घातली तरी ऊब यायला वेळ लागतो. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी बनियनपासून मोज्यांपर्यंत सगळे कपडे बदलावेत. पांघरुणापेक्षा अंगाखालची सतरंजी महत्त्वाची आहे, कारण जमीन खालून ऊब ओढून घेते. एक गोधडी असेल तर ती दुहेरी करून खाली घालावी आणि वर हलके पांघरूण चालवून घ्यावे. निरभ्र रात्री गार हवा ओढ्याच्या पात्राकडे उतरून साचते, त्यामुळे तंबू काठावर न लावता थोड्या उंच जागी लावावा. मूल चिडचिडे झाले, अडखळू लागले किंवा बोलेनासे झाले, तर त्याला हट्ट समजू नये. आधी कोरडे कपडे आणि काहीतरी गरम गोड प्यायला द्यावे.

पाण्याच्या बाबतीत मुलाला तहान लागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाने चार घोट पाजावेत. टाक्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी खळखळून उकळूनच द्यावे. जुलाबासाठी जलसंजीवनीची पाकिटे न्यावीत आणि एक लिटरचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यातच मिसळावे. अंदाजाने अर्ध्या पेल्यात अर्धे पाकीट असे करू नये, त्यात क्षारांचे प्रमाण बिघडते. तापाचे औषध मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचे ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. दमा असलेल्या मुलाचा पंप आईच्या पिशवीत न ठेवता त्याच्या स्वतःच्या पाठपिशवीत ठेवावा.

आता सापाविषयी. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे असे चारही प्रमुख विषारी साप आहेत. मुक्कामाला जाणाऱ्यांनी मण्यार नीट समजून घ्यावा. तो रात्री फिरतो, उघड्या जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावलेल्या जागी सूज किंवा वेदना जवळपास नसतात. पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, तेव्हा घरच्यांना काहीतरी खाण्यात आले असावे असे वाटते. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू वापरावा आणि चेन संध्याकाळपासूनच बंद ठेवावी. सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नये. कडब्याच्या गंजीजवळ किंवा दगडांच्या ढिगाजवळ झोपू नये. तिथे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. चावल्याची नुसती शंका असली तरी चीर देणे, चोखणे, दोरी आवळून बांधणे यांतले काहीही न करता हात किंवा पाय स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते, पण मोबाइलला रेंज कुठे मिळते हे संध्याकाळीच पाहून ठेवावे आणि प्रतिविष उपलब्ध असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे.

लाल विंचवाचा दंश प्रौढांपेक्षा मुलांना फार जड जातो. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर झाडपाला लावण्यात एक मिनिटही घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळता येऊ लागले आहेत. मात्र त्यासाठी मूल वेळेत पोहोचले पाहिजे.

एक नाजूक बाब सहसा कोणी विचारत नाही. सात-आठ वर्षांची बरीच मुले नवीन जागी रात्री अंथरूण ओले करतात आणि त्या एका भीतीने मुक्कामाला नाही म्हणतात. एक जास्तीची चड्डी आणि प्लास्टिकचा तुकडा मुलाच्या डोळ्यांदेखत, काही न बोलता सामानात ठेवावा. रात्री लागली तर मला उठवायचे, मी रागावणार नाही, हे झोपण्यापूर्वी शांतपणे सांगावे आणि उठवल्यावर खरोखरच रागावू नये.

पांझराकाठ (धुळे)

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण मुलाच्या मनात तीच धास्ती असावी अशी मला शंका आहे.

गिरणाकाठ दादांनी सांगितलेला क्रम सासूबाईंना वाचून दाखवला. पहिला मुक्काम मामाच्या शेतावर असेल हे ऐकल्यावर त्यांचा विरोध बराच सौम्य झाला आणि भरताची वांगी कोणती घ्यायची यावर त्यांनी स्वतःहून सूचना दिल्या. माझ्या भावाचे शेत गावापासून दोन किलोमीटरवर आहे, तिथे पत्र्याची खोली आहे. भाची मुलापेक्षा वर्षाने मोठी आहे, तिलाही बरोबर घेऊ. पौषातल्या शुद्ध पक्षात जावे असा विचार आहे. त्यानंतर लळिंगवर लागोपाठ दोन सकाळ, मग तोरणमाळ आणि सगळे जमले तर पुढच्या हिवाळ्यात भामेर. शेकोटीबद्दल मात्र अजून स्पष्टता हवी आहे. मुलाला शेकोटीचे फार आकर्षण आहे. ती शेतावर आणि किल्ल्यावर दोन्हीकडे चालेल का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

शेतावर चालेल, किल्ल्यावर आणि जंगलात नाही. जंगलात आग पेटवणे हा गुन्हा आहे आणि हिवाळ्यात वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते. किल्ल्यावर कारण वेगळे आहे. कड्यांवर आणि लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळ असते आणि धुराने ते उठते. उघड्या कड्यावर मुलाला घेऊन मधमाश्यांपासून पळण्यासाठी जागा नसते. तिथे जेवण घरून बांधून न्यावे आणि ऊब कपड्यांनी करावी. अत्तर आणि उग्र वासाची तेलेही टाळावीत.

शेतावर शेकोटी मोकळ्या, गवत काढलेल्या जागी, तंबूपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला लहानशी करावी. काड्या मुलाने रचाव्यात, पेटवावी तुम्ही आणि झोपण्यापूर्वी ती मुलाच्या हाताने पाणी घालून विझवून घ्यावी. राखेत हात घालता येईल इतकी ती गार झाल्याची खात्री तुम्ही स्वतः करावी.

तुमचा बेत अतिशय चांगला आहे. भाचीला नेताय हे तर फारच उत्तम. दोन मुले एकमेकांना धीर देतात. तिचे वय जास्त असले तरी तिच्यावर त्याची जबाबदारी मात्र टाकू नये.

जाण्यापूर्वी भावाला तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या. पहिली म्हणजे विहिरीला कठडा आहे का. आपल्याकडच्या कितीतरी विहिरी जमिनीच्या पातळीला उघड्या असतात आणि रात्री गवतात त्यांची कड दिसत नाही. कठडा नसेल तर तंबू विहिरीपासून लांब लावावा आणि दिवसा मुलांना विहिरीपर्यंत नेऊन, दाखवून, विहिरीच्या बऱ्याच अलीकडे एक काठीची खूण रोवावी, जिच्या पलीकडे मोठ्यांशिवाय जायचे नाही. दुसरी म्हणजे जवळपास बिबट्याचा वावर आहे का. 2017 मध्ये आमच्या गिरणा परिसरात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हापासून आम्ही हा प्रश्न गावात विचारल्याशिवाय मुलांना बाहेर झोपवत नाही. वावर आहे असे कळले तर पत्र्याच्या खोलीत दार लावून झोपावे, मुलांना त्यातही मुक्कामाचा आनंद मिळतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे आसपासच्या कोणत्याही शेतात रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडतात का. हे बेकायदेशीर असूनही चालते आणि तार रात्रीच जिवंत असते. भावाने शेजाऱ्यांना स्वतः विचारून खात्री करावी. त्या बाबतीत थोडीही शंका राहिली तर त्या शेतावरचा मुक्काम रद्द करावा आणि दुसरे शेत शोधावे.